तात्यांच्या दिंडीत

१९९९ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी जुलैअखेरीकडे सरकली होती आणि माऊलींची पालखी आळंदीहून निघाली, तेव्हा टायगर हिल परत घेतल्याची बातमी नुकतीच आली होती. माझ्या बाकावरचा मित्र मात्र त्याआधीच, जूनमध्ये, द्रासजवळ शत्रूच्या तोफगोळ्याने गेला होता. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात शिकून तो लष्करात रुजू झाला होता. त्याचे वडील, आमचे तात्या, पिढीजात वारकरी. सुतक फिटल्यावर त्याही वर्षी ते दिंडीत चालले.

मी त्यांच्याबरोबर चालू लागलो तो बऱ्याच वर्षांनी. पुणे ते सासवड हा वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, पावसाची सर आली, पुढच्या दिंडीचे टाळ ऐकू येईनासे झाले, तेव्हा डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद सावरत तात्यांनी मला विचारले, "शाळेत कसा होता रे तो? खरं सांग."

गावात त्याच्या नावाची कमान आहे, २६ जुलैला तिच्याखाली भाषणे होतात आणि तोलोलिंगच्या पायथ्याशी असलेल्या स्मारकाच्या भिंतीवर इतर जवानांच्या नावांबरोबर त्याचेही नाव कोरलेले आहे. तो शूर होताच. पण भाषणांतला तो तरुण मला अनोळखी वाटतो. (बोलणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी त्याला पाहिलेच नव्हते.) तात्यांना पराक्रमाचे सारे तपशील पाठ आहेत. त्यांना हवा असतो तो त्यांच्या पाठीमागे वाढलेला मुलगा, कारण तो शाळेत होता त्या काळात ते स्वतः पोटापाण्यासाठी मुंबईच्या गिरणीत होते.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते. माऊलींचा अश्व दौडत गेला, त्याच्या टापांखालची माती तात्यांनी कपाळाला लावली, आणि तिथेच मला एक गोष्ट आठवली. आमचे गाव याच बाजूचे; पालखीच्या दिवशी आम्ही मुले वारकऱ्यांना पाणी द्यायला रस्त्यावर उभी असायचो. एका आजींच्या टाचेत बाभळीचा काटा खोल मोडला होता. ह्याने कंपासपेटीतले कर्कटक काढले, सदऱ्याला पुसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन, जीभ दातांत धरून, तो काटा कोरून काढला. तेवढ्यात कर्कटकाचे एक टोक वाकले.

तात्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले. तरडगावच्या तळावर पोहोचल्यावर त्यांनी घरी फोन लावला आणि सगळी हकिकत काकूंना जशीच्या तशी सांगितली. पलीकडून काकू म्हणाल्या, "अगं बाई, नव्या कंपासपेटीची नासाडी केली म्हणून मी त्याला बदडलं होतं. हे काही बोलला नाही तेव्हा."

"तो कशाला बोलतोय," तात्या म्हणाले आणि फोन माझ्याकडे देऊन पंगतीला पत्रावळी मांडायला उठले.