आमची वाटचाल : आधी गळती, मग ताकद

आमच्या हातून खराब झालेलं पहिलं इंजिन १२५ सीसीचं होतं. मोटोक्रॉसची गाडी, तरुण मालक आणि एकच मागणी : "दादा, पॉवर वाढवून द्या." आम्ही दोघा भावांनी तेव्हा टू-स्ट्रोक गाड्यांची इंजिनं सुधारून देणारी स्वतःची शेड नुकतीच सुरू केली होती. कंपनीचा एक्झॉस्ट उतरवला, रेसिंगचा एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगलेला एक्झॉस्ट पाइप, चढवला, त्याला साजेसा सायलेन्सर लावला. गाडी सुरू केली तर आवाज असा कडक आला की आम्ही तिघंही हसलो. सरावाच्या पहिल्याच दिवशी, लांब सरळ पट्ट्यावर, फुल थ्रॉटलला पिस्टन धरलं, म्हणजे सिलिंडरात अडकून बसलं. मागचं चाक जागीच लॉक झालं. पोराने वेळेवर क्लच ओढला म्हणून तो पडला नाही.

ब्लॉक उघडल्यावर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला उभ्या ओरखड्यांचा पट्टा दिसला. चेंबरचा काही दोष नव्हता, चूक आमची होती. नव्या चेंबरमुळे इंजिनात जास्त हवा भरत होती आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं छिद्र, आम्ही होता तोच ठेवला होता. हवा वाढली, पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोलला कमी, झालं. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, सगळं आमच्या खिशातून भरून दिलं. ते पिस्टन आजही बाकावर आहे आणि नवीन मुलगा कामाला लागला की आधी तेच त्याच्या हातात देतो.

तो फुगीर पाइप नेमकं करतो काय, हे आम्हाला माहीत नव्हतं. लावायचा कसा एवढंच येत होतं. माझ्या धाकट्या भावाने त्यानंतर कित्येक रात्री वाचनात घालवल्या आणि मला बाकावर खडूने आकृती काढून समजावलं. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं दार, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतं आणि पिस्टनच बंद करतं. दार उघडलं की जळालेल्या वायूबरोबर दाबाची एक लाट पाइपात सुटते. चेंबर जिथे रुंद होत जातो तिथून खेचणारी लाट मागे फिरते. ती सिलिंडर रिकामा करते आणि थोडं ताजं मिश्रणही पाइपात ओढून नेते. पुढे चेंबर अरुंद होतो, तिथून ढकलणारी लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण दार बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरात कोंबते. लाटेला जाऊन यायला लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो. त्यामुळे ज्या आरपीएमला हा वेळ जुळतो तिथेच खरा धक्का बसतो. चेंबर आखूड केला की तो धक्का वरच्या आरपीएमला सरकतो, लांब केला की खाली येतो.

हे शास्त्र १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पुढे नेलं. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. एका माणसाबरोबर एवढी विद्या सीमा ओलांडून गेली, हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो. रॅकवर टांगलेल्या चेंबरकडे तेव्हापासून मी पत्र्याची नळी म्हणून पाहू शकलो नाही.

यातून धंद्यात पहिला बदल झाला. "कोणता पाइप सगळ्यात भारी?" या प्रश्नाला उत्तर देणं आम्ही सोडून दिलं. गाडी कुठे चालवता, वळणातून कोणत्या गिअरमध्ये बाहेर पडता, क्लच किती वापरता, हे आधी विचारायला लागलो. झाडांतून, दगडांतून जाणाऱ्याला एफएमएफ कंपनीचा नार्ली हा चेंबर चालतो, कारण त्याचा जोर खालच्या आरपीएमला आहे आणि पत्रा जाड आहे. मोकळ्या ट्रॅकवर इंजिन सतत वर ठेवणाऱ्याला तोच पाइप मंद वाटेल.

दुसरा मोठा धडा एका २५० ने दिला. तिच्यावर दुसरीकडे आधीच खूप काम झालं होतं. चेंबर, रीड व्हॉल्व्ह (आत जाणारं मिश्रण मागे न येऊ देणाऱ्या पातळ पाकळ्या), कापलेलं हेड, सगळं नवं. तरी थ्रॉटल सोडला की रेस खाली यायला वेळ लावायची. आम्ही पायलट जेट (कमी थ्रॉटलचा जेट) वाढवला, मग मेन वाढवला, एअर स्क्रू फिरवून फिरवून थकलो. तीन दिवसांनी भाऊ म्हणाला, "हवा दुसरीकडूनच शिरतेय." इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद केले, सायकलचा पंप आणि एक छोटा गेज जोडला आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पोकळीत, ६ पीएसआय (दाबाचं एकक) दाब भरला. काटा बघता बघता खाली आला. साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलपाशी (क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलपाशी) बुडबुडे. काही पैशांची एक रबरी कडी, आणि तिच्यापायी ते सगळं महागडं सामान जळायच्या वाटेवर होतं!

तेव्हापासून नियम केला : ६ पीएसआय, ६ मिनिटं. काटा तिथेच राहिला तरच पुढचं काम. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर लक्षणं वेगळी असतात. इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं, पांढरा धूर सुटतो आणि तेलाची पातळी कमी होत जाते. या तपासणीवरून सुरुवातीला वाद झाले. "मी पाइप लावायला आलोय, इंजिन तपासायला नाही," असं म्हणून काही जण गाडी घेऊन परत गेले. धंदा तसाही बेताचाच होता, त्यामुळे ते लागायचं. पण न तपासता पाइप लावून दिला असता तर रात्री झोप लागली नसती.

एक्झॉस्ट पोर्टवरच्या पॉवर व्हॉल्व्हचंही असंच. यामाहा त्याला वायपीव्हीएस म्हणते, कावासाकी किप्स म्हणते, काम साधारण एकच : आरपीएम वाढले की एक्झॉस्ट पोर्ट वरच्या बाजूने मोकळं करायचं. तेलाच्या काजळीने हा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला की गाडी वर ओढतच नाही, आणि मालकाला वाटतं इंजिनात दम नाही. चेंबर घ्यायला आलेल्या कितीतरी जणांना आम्ही नुसता व्हॉल्व्ह साफ करून परत पाठवलं आहे.

जेटिंगसाठी वही ठेवली. प्रत्येक गाडीला एक पान. त्यावर त्या दिवसाचं तापमान, ठिकाणाची उंची, पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण, पायलट, नीडलची (कार्ब्युरेटरच्या सुईची) खाच, मेन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट, मधल्या टप्प्यात नीडल, पाऊणपासून पुढे मेन, अशी ढोबळ वाटणी. हवा थंड झाली की ती दाट होते, म्हणून जेट मोठा लागतो. उंचीवर हवा विरळ, तिथे छोटा. तेलाबाबतचा गैरसमज मात्र अजून भेटतो. पेट्रोल-तेलाचं प्रमाण ४० ला १ वरून ३२ ला १ वर नेलं, म्हणजे तेल वाढवलं, की लोकांना वाटतं मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोलला जास्त, झालं. तेलाने पेट्रोलची जागा घेतलेली असते, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमीच पडतं. त्या पिस्टनची आठवण मला इथे हमखास होते.

हेडचं काम आम्ही उशिरा हातात घेतलं, आणि त्याचा मला आनंद आहे. पिस्टनची कड आणि हेड यांच्यामधली स्क्विशची फट आम्ही मऊ सोल्डरच्या तारेने मोजतो. तार प्लगच्या भोकातून पिस्टन पिनच्या रेषेत घालायची, इंजिन हाताने फिरवायचं आणि चेपलेलं टोक मायक्रोमीटरने मोजायचं. ही फट बरेचदा गरजेपेक्षा मोठी निघते. ती कमी करून हेडचा आकार नीट केला की खालचा जोर लगेच जाणवतो. हाव धरली तर डेटोनेशन होतं, म्हणजे मिश्रण नीट न जळता धाडकन फुटतं, आणि पिस्टनची कड वाळूने खरवडल्यासारखी दिसते.

बिग बोअर किट, म्हणजे मोठ्या व्यासाचे सिलिंडर-पिस्टन, कमी लावतो. यामाहा वायझेड १२५ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५४.५. बोअर ५८ केला की १४४ सीसी होते. फरक पहिल्या गिअरपासून कळतो. पण गाडी १२५ च्या गटात चालणार नाही, हे आम्ही काम घेण्याआधीच सांगतो. स्वतःचा ब्लॉक वाढवायचा तर निकासिलचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या कठीण लेपाचा) थर नव्याने चढवावा लागतो. आमचा पहिला ब्लॉक ज्याच्याकडे पाठवला त्याचा थर पोर्टच्या कडेला सुटला. आता थर चढवून आला की पोर्टच्या कडा आम्ही स्वतः बोटाने तपासतो आणि धारदार लागल्या तर घासून गोल करतो.

डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, पुष्कळ वर्षांनी घेतला. त्याआधी आम्हीही सर्वांत मोठ्या आकड्याच्या मागे होतो. एका १२५ वर दोन चेंबर लावून पाहिले. एकाचा शिखराचा आकडा मोठा होता, दुसऱ्याचा किंचित कमी, पण त्याचा आलेख मधल्या आरपीएमला भरलेला होता. रायडरला काही न सांगता दोन्ही चालवायला दिले. त्याने दुसरा ठेवून घेतला, कारण वळणातून निघताना त्याला गिअर कमी बदलावे लागत होते. आता ग्राहकाला आम्ही पूर्ण आलेख दाखवतो.

आज आम्ही पाच जण आहोत. सुट्या भागांची विक्री चालू आहे, पण बहुतेक दिवस जातात ते टॉप एन्ड (पिस्टन, सिलिंडर, हेड), क्रँक सील आणि जेटिंगमध्ये. हे लिहितोय तेव्हा बाकावर एका मुलीची ८५ सीसी आहे. तिला चेंबर हवाय, वळणातून गाडी पुरेशी उचलत नाही म्हणते. पिस्टनचे तास भरलेत, रीडच्या एका पाकळीचा कोपरा तुटलाय. पिस्टन आणि पाकळ्या बदलून पुढचा स्प्रॉकेट एक दात कमी करून देणार आहोत. चेंबरचं तिने गाडी चालवून आल्यावर ठरवू, असं तिच्या वडिलांना सांगितलंय. भाऊ गेजसमोर बसलाय. चौथं मिनिट चालू आहे आणि काटा ६ वर आहे.