गाडी उचलताय? आधी कायदा आणि मग पाना

कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या कृष्णाकाठच्या पाणंदींवर खोल चाकोऱ्या पाडतात आणि कारचं पोट घासायला लागतं. सातारा असो की मिरज, गॅरेजात एकच उपाय सुचवला जातो: स्पेसर टाका, म्हणजे स्प्रिंगला चकती लावून गाडीची उंची वाढवा. वर ‘दोन इंचांपर्यंत चालतं’ असा दिलासाही मिळतो. या दोन इंचांना नियमांत कुठेही आधार नाही.

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या अंतराचा) रकाना नसतो, हे खरं. पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. गाडीच्या रचनेत फेरफार होऊन तिचं मूळ स्वरूप बदलणं, अशी बदलाची व्याख्याही तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४) परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवतं. बॉडी लिफ्ट (चासीवरून बॉडी उचलणं) आणि लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणाऱ्या भागांचा संच) यांत सरळ सापडतात. पातळ रबरी पॅकिंगवर वाद घालता येईल, पण अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरशी तो वाद घालण्याची वेळ कुणावर येऊ नये.

कायदा इतका कडक का, ते गाडीखाली वाकलं की कळतं. मॅकफर्सन स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबावर) २० मिमीचा स्पेसर गाडी साधारण तेवढीच उचलतो. डबल विशबोनमध्ये (चाक दोन आडव्या आर्मनी धरणाऱ्या रचनेत) स्प्रिंग आर्मच्या मधोमध असेल, तर तोच स्पेसर जवळपास ४० मिमी उचलतो. मग चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून जॉइंट कटकटायला लागतात, चाक खाली लटकल्यावर ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो आणि टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडून टायर एका कडेने झिजतो.

पिकअपवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. अनेक पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी आणि अ‍ॅक्सल यांमधल्या अंतरावरून तो माल किती आहे हे ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढं प्रेशर देतो. स्प्रिंगचे पाटे वाढवून मागची बाजू उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. खंबाटकी किंवा कुंभार्ली उतरताना मागचे ब्रेक कमी पडतात आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो.

हेडलाइटचं गणित तर फारच थोडे जण करतात. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,५०० मिमी असेल आणि फक्त पुढची बाजू २५ मिमी उचलली, तर गाडीचं नाक १ टक्का वर जातं. लो बीमचा उतार साधारण तेवढाच असतो. म्हणजे उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत.

ज्या गाडीला मागे सलग अ‍ॅक्सल आहे, तिथे स्प्रिंग उचलून मधला डिफरन्शियलचा (गिअरांचा) गोळा तसूभरही वर येत नाही. तो फक्त मोठ्या टायरने येतो. २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ३० मिमीने वाढतो, उंची मात्र १५ मिमीनेच. शिवाय स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल. टायर बदलायचेच असतील, तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापांतलेच घ्या.

खरं तर बऱ्याच जुन्या गाड्यांना उचलायची गरजच नसते. स्प्रिंगा बसलेल्या असतात. सपाट फरशीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल किंवा सर्व्हिस मॅन्युअलच्या मापापेक्षा अंतर कमी भरत असेल, तर कंपनीच्या पार्ट नंबरप्रमाणे नव्या स्प्रिंगा टाका. त्या नेहमी जोडीने बदलायच्या, सोबत टॉप माउंट (स्ट्रटचा वरचा रबरी आधार) आणि बंप स्टॉपही (धक्का थोपवणारा रबर) तपासायचे. हा बदल नव्हे, दुरुस्ती आहे, त्यामुळे परवानगी लागत नाही. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात.

काम झाल्यावर अलाइनमेंट करा आणि रात्री दिवे तपासा. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखायची. लो बीमची वरची कडा त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.