एल्डरांच्या घरात

‘तुमचे पप्पा एवढे चर्चमध्ये, मग घरी कधी असायचे?’ हे मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्या बहुधा नव्याने निवडून आलेल्या एल्डरांच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या सभासदांच्या, बायका असतात. प्रश्न माझ्या पप्पांबद्दल नसतो, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पप्पा एल्डर होते, पण घरी असायचे. अडचण एवढीच, की चर्चही घरीच असायचं.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च आणि त्याचे सभासद, मिरजेची; प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या वळणाची. हे वळण अमेरिकन मिशनऱ्यांचं. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांचं काम १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. त्यांच्याबरोबर कारभाराची एक रीतही आली. मंडळी एकट्या पाळकांच्या, म्हणजे पाद्रींच्या, हाती नसते. सभासदांनी निवडलेले एल्डर आणि अध्यक्षस्थानी पाळक, असं सेशन मिळून निर्णय घेतं. पाळक बदलून जातात, एल्डर मात्र गावातच राहतो. त्यामुळे रात्री साडेअकराला कुणी वारलं तर कडी आमचीच वाजायची.

पप्पा रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. शनिवारची रात्रपाळी ते मुद्दाम मागून घ्यायचे, म्हणजे रविवारची सकाळ मोकळी. ड्यूटीवरून आले की अंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि थेट पुढचा बाक. प्रवचनात डुलकी लागली तर शेजारच्या एल्डरने कोपर मारायचं, असा त्यांचा आपसातला ठराव होता. तो कुठल्याही मिनिट्समध्ये सापडणार नाही.

एल्डरचं खरं काम रविवारी नसतंच, ते आठवडाभर संध्याकाळी असतं. धर्मसुधारक कॅल्व्हिनने १५४१ साली जिनिव्हाच्या मंडळीची घडी बसवली तेव्हा बारा एल्डर शहराच्या वेगवेगळ्या भागांतून घ्यायचे ठरवले. लोकांच्या वागण्यावर नजर राहावी आणि चुकणाऱ्याला मायेने समज मिळावी, हा हेतू. चार शतकांनंतर मिरजेत पप्पांच्या वाट्याला रेल्वे कॉलनी आणि दवाखान्यामागच्या गल्ल्या आल्या. नजर ठेवण्यात ते अगदी कच्चे होते. ‘महिनाभर उपासनेला का आला नाहीत?’ असं खडसवायला निघायचे आणि त्या घरच्या म्हातारीचा पेन्शनचा फॉर्म भरून परत यायचे. जाब विचारायचा राहिला, हे त्यांना जेवताना आठवायचं. मयताच्या घरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तेच सुरू करायचे, बेसूर पण मोठ्याने. कुणीतरी चटकन सूर पकडून ते सावरून घ्यायचं.

आता घराकडे येते. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत चर्चमध्ये पाव आणि द्राक्षरस वाटायचा विधी. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं स्वयंपाकघर आमचं नसायचं. तासगावहून आणलेल्या काळ्या मनुका आई भिजवायची, उकळायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. आम्ही मुली पावाच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायचो. कडा आम्हाला मिळायच्या, हा आमचा मोबदला. उपासनेनंतर काचेच्या इवल्या प्याल्यांचे ट्रे पुन्हा घरी. त्या विसळायच्या, पुसायच्या आणि मोजून कागदात गुंडाळायच्या. पप्पांनी ट्रे हातात धरून दोन बाकांमधून गंभीरपणे चालायचं, एवढंच सगळ्यांना दिसायचं.

पण या कामाचा मला कधी जाच वाटला नाही. जाच होता तो एका वचनाचा. बायबलमध्ये, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? वचन अध्यक्षाबद्दल, म्हणजे बिशपबद्दल आहे, पण मंडळीत ते एल्डरांनाच लावतात. म्हणजे आम्ही मुलं पप्पांचं सर्टिफिकेट. दहावीतले गणिताचे मार्क, देवल टॉकीजबाहेर कुणाबरोबर दिसलो, स्कर्टची लांबी, सगळंच त्यात जमा. पप्पांनी हे वचन आमच्यावर एकदाही उगारलं नाही. त्याची गरजही नव्हती, ते काम करायला मंडळीतल्या मावश्या होत्या.

मग ताईने हिंदू मुलाशी लग्न ठरवलं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये लग्न लागू शकतं. पण कायदा हो म्हणतो म्हणून सेशनही हो म्हणेल, असं नसतं. ताईने तो घोळच घातला नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तीस दिवस थांबली आणि नोंदणी कार्यालयात जाऊन सही केली. तीन साक्षीदार लागतात, त्यातले पहिले पप्पा.

त्याच आठवड्यात त्यांनी सेशनला पत्र दिलं. माझं घर त्या वचनात बसत नसेल तर मला मोकळं करा, असं. सेशनने ते वाचलं, फाइलला लावलं आणि पुढे काही केलंच नाही. मंजूर करावं तर आणखी दोघा-तिघांना घरी बसावं लागलं असतं, असा माझा संशय आहे. मग पप्पांनी स्वतःच स्वतःला शिक्षा लावून घेतली. ट्रे धरायचं सोडलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले.

आईचा संताप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ‘पोरीने लग्न केलंय, चोरी नाही केली. तुम्ही मागे बसलात की लोक तिच्याकडे बघतात. साक्षीला सही केलीत ना? मग पुढे बसा.’ पुढच्या प्रभुभोजनाला पप्पा पुढे होते. सेशनला जो निर्णय महिनोन् महिने झेपला नाही, तो आईने भाकरी थापता थापता दिला.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. पप्पा आम्हाला पुरेसे मिळाले. त्यांच्या फेऱ्यांमध्ये मी सायकलच्या दांड्यावर असायचे, निम्मं मिरज मी तिथूनच पाहिलं. कमी पडले असतील तर ते आईला. आमच्या घरात एल्डर एक होता आणि काम दोघांचं होतं, पण हात ठेवून दीक्षा एकालाच मिळाली. ज्या अमेरिकन मंडळीने आमच्याकडे ही पद्धत आणली, तिने १९३० मध्येच बायकांना एल्डर होण्याची वाट मोकळी केली होती. ती बातमी मिरजेच्या सेशनपर्यंत पोचायला फार वर्षं लागली. माझ्या लहानपणी तिथे सगळे पुरुषच होते.

आता दोन बायका आहेत. प्याल्या धुवायची पाळी कुणाची, यावर गेल्या बैठकीत बराच वाद झाला म्हणे. दोघींच्या नवऱ्यांची नावं सुचवली गेली आहेत.