आजोबांची गिरणी शोधायला मुंबईला जाताना

साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी असते आणि तीत ‘मुंबईकर मंडळ’ हमखास सापडतं. गिरणगावची, म्हणजे मुंबईतल्या परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या भागाची, सहल तिथूनच सुरू करावी. जुन्या ट्रंकेतलं गिरणीचं तिकीट (कामगाराचं ओळखपत्र), रजेचं कार्ड, मनीऑर्डरची पावती, जे मिळेल त्याचा फोटो काढून घ्या. गिरणीचं नाव, खातं (गिरणीतला विभाग) आणि चाळ एवढं तरी हवंच. नुसतं ‘परळला होते’ एवढ्यावर गेलात तर मॉल बघून परत याल.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. रिक्षा आधी ठरवा. दादरहून धीमी लोकल धरून लालबागसाठी चिंचपोकळीला उतरा. जलद तिथे थांबत नाही. रविवार टाळा: मेगाब्लॉकमध्ये धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की चिंचपोकळी आणि करी रोड गाळले जातात. (गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मिळाली, आणि आता नेमकी रविवारीच गाडी थांबत नाही!) गणपतीत तर जाऊच नका, लालबागला पाय ठेवायला जागा नसते.

लालबागहून करी रोड ओलांडून डिलाईल रोडला चालत या. आताची पाटी ना. म. जोशी मार्ग. घाटावरच्यांची वस्ती इथे दाट होती. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीतली एक खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांची फक्त ट्रंक कायमची असायची, जेवण खानावळीत. पुनर्विकास चालू आहे, उरलंय ते लवकर बघा. दारातून आत डोकावू नका, लोक राहतात तिथे. बंद गिरण्यांच्या फाटकावर पहारेकरी आत सोडत नाहीत. चिमणी बघायची तर लोअर परळला, फिनिक्स गिरणीच्या जागेवरच्या मॉलच्या आवारात.

खातं का विचारायचं, ते सांगतो. मागावर धोट्यातली (आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातली) सुताची कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून दलित कामगारांना मागावर घेत नसत; ते रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईला, कमी पगारावर. म्हणजे एका तिकिटावरून गावातली जातही वाचता येते. ‘सगळे एका घामाचे’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कित्येक जण गावी येऊन शेतीला लागले. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गावी म्हाताऱ्यांना त्याबद्दल विचाराल तर सकाळी विचारा, बोलणं लांबतं.

आजोबा गिरणीत नव्हते, ओझी वाहत होते, असं निघालं तर लालबाग सोडून मशीद बंदर गाठा. माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांचा कायदा १९६९ चा. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे. मशीद बंदरचा धान्याचा घाऊक बाजार पुढे वाशीला गेला, तेव्हा वाशीचं काम परतीच्या वाटेवर उरका.