दोराच्या ब्रेकवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन: बांधणी आणि मोजमापे

विहिरीवर वीजपंप बसल्यापासून गोठ्यात पडून राहिलेले किर्लोस्कर एव्ही-१ इंजिन मी दोन वर्षांपूर्वी साताऱ्याजवळून आणले. ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, म्हणजे ५५३ घन सेंमीचे हे एकच सिलिंडर मिनिटाला १५०० फेऱ्यांना ३.७ किलोवॅट देते असे पाटीवर लिहिलेले आहे. दुरुस्तीनंतर ते खरोखर किती देते हे मोजण्यासाठी मी दोराचा ब्रेक, म्हणजे फिरत्या ड्रमवर दोर घासवून इंजिनावर भार टाकणारी आणि तो मोजणारी मांडणी, निवडला. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या दिसणारी ही रचना फ्रेंच अभियंते प्रोनी यांच्या १८२१ च्या घर्षण-ब्रेकच्याच कुळातली आहे. पाण्याचा ब्रेक अधिक शांतपणे चालतो हे मान्य, पण त्याचे रोटर आणि सील घरच्या लेथवर नीट साधणे मला शक्य नव्हते.

फ्लायव्हीलच्या बाजूला ३०० मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम, त्यावर १५ मिमी जाडीचा सुती दोर, दोराच्या खालच्या टोकाला वजनांचा हँगर आणि वरच्या टोकाला चौकटीला टांगलेला २० किलोचा लोडसेल (ताण विजेच्या संदेशात बदलणारा मापक), एवढीच मांडणी आहे. ड्रम वजनांना वर खेचतो. वजनातून लोडसेलवरचा ताण वजा केला की निव्वळ भार मिळतो. इंजिनाची सगळी शक्ती ड्रमच्या कडेत उष्णता होऊन उतरते, म्हणून कडेच्या आतल्या पन्हळीत पाणी सोडावे लागते. पूर्ण भारावर तासाला सुमारे ५ लिटर पाणी वाफ होऊन जाते. एकदा पाणी संपल्याचे माझ्या लक्षात आले नाही, तेव्हा तापलेला दोर ड्रमला आवळला आणि हँगर वर उसळला. जमिनीतल्या कड्याला बांधलेली साखळी नसती, तर वजने छपरात गेली असती. ती साखळी कोणीही गाळू नये.

पहिले पूर्ण वाचन ३.५ किलोवॅट आले आणि मी इंजिनाच्या इंधनपंपाच्या एलिमेंटला (आतल्या दट्ट्याच्या जोडीला) दोष देऊन मोकळा झालो. प्रत्यक्षात चूक त्रिज्येत होती. दोराचा ताण ड्रमच्या पृष्ठभागावर नव्हे, तर दोराच्या मध्यरेषेवर धरायचा असतो, म्हणजे त्रिज्या १५० नव्हे तर १५७.५ मिमी. वजने १८ किलो, लोडसेलवर २.८ किलो, गुरुत्वत्वरण ९.७८ धरले की आघूर्ण (टॉर्क) २३.४ न्यूटन-मीटर आणि १५०० फेऱ्यांना शक्ती ३.६८ किलोवॅट येते. योगायोग असा, की मेट्रिक अश्वशक्तीच्या हिशेबाने ५ अश्वशक्ती म्हणजे नेमके एवढेच.

मात्र तो २.८ चा आकडा मिळवायला तीन आठवडे लागले, आणि या नोंदीचे मुख्य कारणही तेच आहे. लोडसेलचा संदेश आयएनए १२५ या अ‍ॅम्प्लिफायरमधून आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डात जातो आणि सुरुवातीला मी तो सेकंदाला १० वेळा वाचत होतो. पडद्यावरचा आकडा १.९ आणि ३.७ किलोंच्या दरम्यान संथपणे हेलकावत राही, आणि मी चौकटीचे बोल्ट पुन्हापुन्हा आवळत राहिलो. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, त्यामुळे १५०० फेऱ्यांना सेकंदाला १२.५ झटके बसतात. ते सेकंदाला दहाच वेळा पाहिले, तर सेकंदाला अडीच हेलकाव्यांची खोटी लाट दिसते. शंका पडताळण्यासाठी वाचनाचा वेग मुद्दाम १२.५ केला, तर आकडा ३.४ वर जवळजवळ गोठला. तो स्थिर होता आणि साफ चुकीचा होता, कारण प्रत्येक वाचन झटक्याच्या त्याच टप्प्यावर पडत होते. आता सेकंदाला १००० वाचने घेऊन, फ्लायव्हीलवरच्या चुंबकाच्या इशाऱ्यानुसार पूर्ण २० फेऱ्यांची सरासरी काढतो. ज्ञात वजने टांगून लोडसेल रोज तपासतो.

वेग मोजतानाही असेच फसलो होतो. एका सेकंदात पडणारे २५ इशारे मोजले, तर एका इशाऱ्याची चूक म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांची चूक. म्हणून आता दोन इशाऱ्यांमधला सुमारे ४० मिलिसेकंदांचा काळच मायक्रोसेकंदांत मोजतो.

इंधन मोजण्यासाठी ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, आहे. पूर्ण भारावर १० घन सेंमी डिझेल ३० सेकंदांत संपते, घनता ०.८३ धरली तर किलोवॅट-तासाला सुमारे २७१ ग्रॅम, म्हणजे कार्यक्षमता ३१ टक्क्यांच्या आसपास. निरनिराळ्या भारांवरचा इंधनखर्च आलेखावर मांडून रेषा मागे वाढवली, तर ती शक्तीच्या अक्षाला उणे १.४ किलोवॅटवर छेदते. ती इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात जाणारी शक्ती. पूर्ण भाराचा बिंदू मात्र या रेषेच्या थोडा वर पडतो आणि तिथेच धूरही काळा होतो, त्यामुळे पुढच्या रविवारी नोझल काढून फवारा तपासणार आहे आणि त्याच वजनांवर तेच वाचन पुन्हा घेणार आहे.