डिंगल ते वेस्टपोर्ट : आयर्लंडच्या गावांमध्ये काय खायचं आणि किती वाजता

मे महिन्याच्या शेवटी आम्ही डब्लिनहून गाडीने निघून पश्चिम किनाऱ्यावरचे केरी, क्लेअर, कॉनेमारा हे भाग करत वेस्टपोर्टपर्यंत जाऊन आलो. गाडीत मी, नवरा, आमची सात वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेली आई. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, नवरा मालवणचा, त्याला मासे दिसले की दुसरं काही सुचत नाही, आणि लेकीला फक्त बटाटा. बघण्यासारखं काय काय आहे ते सगळीकडे मिळतं वाचायला, मला लिहायचंय ते खाण्यापिण्याबद्दल, कारण इथल्या छोट्या गावांत काय मिळतं यापेक्षा किती वाजता मिळतं हा खरा प्रश्न आहे, आणि तेच कुणी आधी सांगत नाही.

तर पहिली गोष्ट घड्याळाची. गावातल्या पबमध्ये दुपारचं जेवण साधारण साडेबाराला सुरू होतं आणि तीनच्या आसपास किचन बंद. मग पाच-साडेपाचला पुन्हा सुरू, आणि रात्री साडेआठ, फार तर नऊ. पब उघडा असतो हो, दारू रात्री उशिरापर्यंत चालू असते, पण शेफ घरी गेलेला असतो. त्यात मे-जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे माणूस समुद्रकाठी फिरत राहतो, संध्याकाळचे सहा वाजलेत असं वाटतं आणि प्रत्यक्षात नऊ वाजून गेलेले असतात. लिस्डूनवार्नाजवळच्या एका पबमध्ये आम्ही जेवत असताना एक जोडपं साडेतीनला आलं, त्यांना बिचाऱ्यांना सूपसुद्धा मिळालं नाही, टेटोच्या बटाटा वेफर्सची दोन पाकिटं घेऊन बसले. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून मुख्य जेवण दुपारी एक वाजता हा नियमच केला आणि संध्याकाळी हलकं काहीतरी. ताटात जास्त असतं, पैसे कमी पडतात, बुकिंग लागत नाही. रात्री बसून व्यवस्थित जेवायचंच असेल तर सहाच्या आधी जा, बऱ्याच ठिकाणी त्या वेळेला 'अर्ली बर्ड' नावाचा स्वस्त मेन्यू असतो.

सोमवार-मंगळवारी पण सांभाळा, गावातली चांगली रेस्टॉरंट्स बहुतेक याच दोन दिवशी बंद ठेवतात. आणि ऑक्टोबर ते सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे १७ मार्च, या काळात किनाऱ्यावरच्या गावांत अर्ध्या पाट्या उतरलेल्या असतात. मे महिन्यातले शनिवार वेगळ्याच कारणाने अवघड, शाळेतल्या मुलांची फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमधला एक धार्मिक विधी असतो, गावच्या गाव नटूनथटून बाहेर जेवायला येतं, तेव्हा आधी फोन केलेला बरा.

आता रस्त्याने जाताना. डब्लिनहून एम ७ हायवेने लिमरिककडे निघालं की मनीगॉल गावाजवळ बराक ओबामा प्लाझा लागतो. ओबामांच्या आईकडचे पूर्वज या गावचे, ते २०११ मध्ये इथे येऊन गेले, मग २०१४ मध्ये हायवेवर त्यांच्या नावाचं सर्व्हिस स्टेशन झालं. स्वच्छ टॉयलेट, चहा, सुपरमॅक्स या फास्टफूडवाल्यांचे चिप्स (इथे चिप्स म्हणजे फ्रेंच फ्राइज), सगळं एका ठिकाणी, वरच्या मजल्यावर छोटंसं प्रदर्शनसुद्धा आहे. म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असेल तर इथे थांबाच.

गावांमध्ये पोटाला खरा आधार सेंट्रा, स्पार, सुपरव्हॅल्यू या दुकानांमधल्या डेली काउंटरचा. काचेमागे सगळं मांडलेलं असतं, आपण बोट दाखवून सांगायचं. इथली माणसं चिकन फिलेट रोल घेतात, लांब पावात तळलेलं चिकन, मेयो, सॅलड, चीज. आईसाठी आम्ही त्याच पावात चीज, टोमॅटो, कांदा, काकडी, हॅलपिन्यो असं भरून घ्यायचो. मांसाला लावलेली सुरी आणि हातमोजे बदला म्हणून हसून सांगितलं की लगेच बदलतात, कुणी तोंड वाकडं केलं नाही. सकाळी सातला उघडतात, आणि ज्या गावात दुसरं काही नाही तिथे निदान हे असतं.

शाकाहारी लोकांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण आईच्या जेवणासाठी मी प्रत्येक ठिकाणी चौकशी केली. पबमध्ये 'सूप ऑफ द डे' बहुतेक वेळा भाज्यांचं असतं, घट्ट, मिक्सरमधून काढलेलं, बरोबर ब्राउन सोडा ब्रेड आणि खारट लोणी, साधारण ७ ते ९ युरो. पण भाज्यांचं असलं तरी त्यात चिकन स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी, असू शकतो, म्हणून 'व्हेजिटेबल आहे का' असं न विचारता 'व्हेजिटेबल स्टॉकच वापरलाय का' असं विचारा. मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे छोटे आकडे दिसतील, १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणारे घटक, लेखी सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अंडं, मासे, दूध, शेंगदाणे आहेत की नाहीत हे तिथेच कळतं. आईसारख्या अंडं न खाणाऱ्यांना हे सोन्यासारखं आहे. मात्र मांस हे काही ॲलर्जन नाही, म्हणून बेकन, जिलेटिन, स्टॉक या आकड्यांत दिसत नाहीत, ते तोंडानेच विचारायचं. सोडा ब्रेड मुळात मैदा किंवा कणीक, ताक, सोडा आणि मीठ एवढ्याचाच, पण काही घरांत अंडं घालतात, तेही विचारून घ्या. टोस्टेड स्पेशल म्हणजे हॅम, चीज, टोमॅटो, कांदा, त्यातलं हॅम वगळून करून देतात, आणि किचन बंद झाल्यावरही काही पबमध्ये हे एवढं मिळतं. चिपरमध्ये, म्हणजे चिप्सच्या दुकानात, तेल कोणतं ते विचारा, काही जुन्या दुकानांत अजून बीफच्या चरबीत तळतात.

बी अँड बीमध्ये, म्हणजे नाश्त्यासकट घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी, उतरलात तर 'फुल आयरिश' नाश्ता असतो, रॅशर म्हणजे बेकनचे काप, सॉसेज, अंडी, टोमॅटो, मशरूम आणि ब्लॅक व व्हाइट पुडिंग. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त असतं आणि ते दिसायला निरागस वडीसारखं असतं, त्यामुळे नाव वाचून गोड पदार्थ समजू नका. आदल्या रात्रीच सांगून ठेवलं की शाकाहारी माणसाला पॉरिज म्हणजे ओट्सची लापशी, फळं, तव्यावरचे मशरूम-टोमॅटो, बीन्स, भाजलेला बटाटा असं सगळं मिळतं. डिंगलच्या आमच्या मालकीणबाईंनी आईसाठी वेगळ्या तव्यावर मशरूम परतून दिले, आई नंतर स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्याशी बोलत बसली, दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत होतं पण अर्धा तास झाला तरी बाहेर येईनात.

डिंगल तर खाण्यापिण्यासाठीच जायचं गाव आहे. फॉक्सी जॉन्समध्ये एका बाजूला दारूचा काउंटर आणि दुसऱ्या बाजूला खिळे, हातोड्या, रंगाचे डबे विकायला, डिक मॅक्समध्ये तसंच चामड्याच्या वस्तूंचं काउंटर. पूर्वी आयर्लंडच्या गावांत किराणा आणि दारू एकाच दुकानात मिळायची, त्यातलं हे शिल्लक राहिलेलं आहे, आणि ते पर्यटकांसाठी नव्याने सजवलेलं नाही म्हणून मला फार आवडलं. मर्फीज आइस्क्रीम २००० साली याच गावात सुरू झालं, केरीच्या गाईंचं दूध आणि समुद्राच्या पाण्यापासून काढलेलं मीठ घातलेला फ्लेवर आहे, तो घ्याच, आणि ब्राउन ब्रेडचाही आहे. अंडं चालत नसेल तर इथे सॉर्बेकडे, म्हणजे फळांच्या रसाच्या गोठवलेल्या प्रकाराकडे, वळा.

नवऱ्याची चैन क्लेअर आणि गॉलवेमध्ये झाली. केरीतल्या टारबर्टहून क्लेअरमधल्या किलिमरला गाडीसकट फेरीने गेलात तर वीस मिनिटांत शॅनन नदी पार, लिमरिकचा वळसा वाचतो. लिस्डूनवार्नाला बरेन स्मोकहाउसमध्ये धुरी दिलेला सामन आणि बांगड्याच्या जातीचा मॅकरेल मिळतो, पाकिटं विकत घेऊन सोडा ब्रेडबरोबर समुद्रकाठी बसून खाता येतात, हॉटेलपेक्षा स्वस्त आणि चवीला कितीतरी सरस. किनाऱ्यावर सगळीकडे सीफूड चाउडर असतं, दुधा-सायीतलं माशांचं घट्ट कालवण म्हणा, एक वाटी आणि ब्रेड यात दुपारचं जेवण होतं. खेकड्याचं सँडविच दिसलं तर सोडू नका. किलकोलगनला द वेअरच्या काठी मोरान्सचं गवताने शाकारलेलं घर आहे तिथे कालवं. देशी कालवांचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिल, मेमध्ये पॅसिफिक जातीची मिळतात, ती वर्षभर असतात. मालवणच्या माणसाने कच्चं कालव लिंबू पिळून खाल्लं आणि गप्प झाला, मग आणखी अर्धा डझन मागवली. पुढे लीनानला किलरी खाडीतल्या शिंपल्या, लसूण आणि व्हाइट वाइनमध्ये शिजवलेल्या, बरोबर रश्शात बुडवायला पाव.

आणि हो, लीट्रिम, कॅव्हनकडे गेलात तर बॉक्स्टी मागा. किसलेला कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा, मैदा, ताक, आपल्या बटाट्याच्या थालीपिठाची बहीणच. नुसत्या लोण्याबरोबर मिळते, शाकाहारी माणसाचं पोट भरतं. आमच्या वाटेवर ते भाग नव्हते, आधीच्या वेळी खाल्ली होती.

रविवारी दुपारी कार्व्हरी असते, काउंटरवर ताट घेऊन उभं राहायचं, मांसाचे काप कापून देतात आणि दोन-तीन प्रकारचे बटाटे, गाजर, कोबी. नुसत्या भाज्या-बटाट्यांचं ताट मागितलं तर कमी पैशांत देतात, ग्रेव्ही मात्र घेऊ नका, ती मांसाची असते. लेकीसाठी हे सगळ्यात उत्तम, बटाटाच बटाटा.

भारतीय जेवणाची आठवण आलीच तर किलार्नी, ट्रली, एनिस, वेस्टपोर्ट अशा मध्यम गावांत भारतीय रेस्टॉरंट सापडतं, पण बहुतेक संध्याकाळी पाचनंतरच उघडतात. तिखट पाहिजे असेल तर स्पष्ट सांगा, नाहीतर सगळं गोडसर येतं. मी म्हणेन एखाद्या दिवशी आईसाठी डाळ-भात म्हणून जा, रोज नको, नाहीतर इथलं काहीच खाऊन होणार नाही.

आता पिण्याचं. पबमध्ये टेबलावर बसून वाट बघू नका, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. गिनेस ही इथली काळी बिअर मागवली की तीन चतुर्थांश भरून ग्लास बाजूला ठेवतात, फेस बसला की वरचा भाग भरतात, कंपनी ११९.५ सेकंद सांगते, तर मधेच हात घालून ग्लास उचलू नका. पिणारे शाकाहारी असतील त्यांच्यासाठी, पूर्वी गिनेस गाळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरायचे, तो बंद करणार असं कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत बंद केला. न पिणाऱ्यांनी अजिबात संकोच करू नये, बिनअल्कोहोलची गिनेस ०.० बहुतेक ठिकाणी आहे, चहाचं भांडं कुठल्याही पबमध्ये मिळतं, आई तर रोज संध्याकाळी बॅरीज चहा पीत गाणी ऐकायची. बोलता बोलता कुणी तुमच्यासाठी पिंट घेतली तर पुढची तुम्ही घ्यायची, हा राउंडचा रिवाज ते मनापासून पाळतात. काउंटरवर टिप नसते, टेबलावर वाढणाऱ्या ठिकाणी साधारण दहा टक्के.

लहान मुलांना मोठ्यांबरोबर पबमध्ये येता येतं, पण मे ते सप्टेंबरमध्ये रात्री दहापर्यंत आणि बाकी वर्ष नऊपर्यंतच. संगीताचं सेशन साडेनऊला सुरू होतं म्हणजे मुलांना अर्धा तास मिळतो, तेवढ्यासाठी आधी जाऊन बसा, फक्त कोपऱ्यातली वादकांची जागा सोडून. वेस्टपोर्टला मॅट मॉलॉय यांचा पब आहे, ते द चीफटन्स या आयरिश लोकसंगीताच्या बँडमधले बासरीवादक, गर्दी फार होते. तिथेच एका आजोबांनी नवऱ्याला गाव विचारलं, आणि आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव वराड हे मालवण तालुक्यातच आहे हे कळल्यावर आजोबांनी शेजारच्या दोन टेबलांना हाका मारून सांगितलं.

गाडी चालवणाऱ्याने मात्र एक थेंबही नको. मर्यादा रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम, शिकाऊ आणि नवीन लायसन्सवाल्यांना २०, आणि सकाळीसुद्धा तपासणी होते. गावांत टॅक्सी अचानक मिळत नाही, म्हणून राहण्याची जागा पबपासून चालत जाता येईल अशीच घ्या, भले थोडे पैसे जास्त पडोत. आम्ही सगळीकडे तसंच केलं.

पाणी नळाचं मागा, फुकट असतं. प्लास्टिकची बाटली किंवा कॅन घेतलं तर फेब्रुवारी २०२४ पासून डिपॉझिट लागतं, अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट आणि त्यावर २५, रिकाम्या बाटल्या न चेपता गाडीत एका पिशवीत ठेवा आणि कुठल्याही सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाका, त्या पावतीवर दुकानातच सामान मिळतं किंवा रोख पैसे. थोडे सुटे युरो जवळ असू द्या, आडगावच्या काही पबमध्ये कार्ड चालत नाही.