सहीआधीचे दहा आठवडे

"दोन दिवस बसून स्क्रीन बघून घ्या मॅडम, आणि शेवटच्या पानावर सही द्या. एक ऑक्टोबरला लाइव्ह जाऊ." आमच्या पतपेढीसाठी नवं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनीअर हे अगदी साधेपणाने म्हणाला. त्याचा दोष नव्हता, त्याला तसंच सांगून पाठवलं होतं. ऑगस्ट २०२४ संपत आला होता आणि त्याने निवडलेले दोन दिवस होते ९ आणि १० सप्टेंबर. गणपती ७ तारखेला बसणार होते. आमची पतपेढी लालबागला. त्या दिवसांत सभासदाला आमच्या दारापर्यंत यायचं तर दर्शनाच्या रांगा ओलांडाव्या लागतात, आणि दैनिक बचतीच्या एजंटांना गल्लीत शिरता येत नाही.

मी या पतपेढीत एकोणीस वर्षं आहे, हिशेब सांभाळते. संचालक मंडळाने यूएटी माझ्याकडे सोपवली तेव्हा तो शब्दही मला नवा होता. युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग. कंपनीने आपल्याकडची तपासणी संपवली की ज्यांना ते सॉफ्टवेअर रोज वापरायचं आहे त्यांनी आपलं काम त्यावर करून बघायचं, आणि पटलं तरच स्वीकारायचं. कंपनी बघते की लिहून दिलं तसं बनलंय का. आपण बघायचं की आपलं काम यावर निभतंय का. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

सगळ्यात आधी मी तारखा बदलून घेतल्या. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला, म्हणून सुरुवात सोमवार २३ सप्टेंबरपासून. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस लोक ठेवी मोडतात, भिशीसारखी साठवलेली दैनिक बचत काढतात, काउंटरवर उभं राहायला जागा नसते. त्या काळात नवीन सॉफ्टवेअर चालू करणं मला मान्य नव्हतं. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. त्यानंतर पंधरा दिवस जुनं आणि नवं दोन्ही सोबत चालवायचं आणि १ डिसेंबरला, म्हणजे रविवारी, शांतपणे बदल करायचा, असं मी लिहून दिलं. एक संचालक नाराज झाले. "दोन महिने कशाला लागतात?" त्यांना मी एवढंच विचारलं की चुकीचं व्याज गेलेल्या सभासदाला उत्तर द्यायला काउंटरवर कोण बसणार आहे. पुढे त्यांनीच मंडळात माझी बाजू घेतली.

कंपनीने तयार टेस्ट केसेसची, म्हणजे काय करून बघायचं आणि काय उत्तर यायला हवं याची, एक एक्सेल शीट दिली होती. १४० ओळी. "नवीन ठेव बटण दाबा. अपेक्षित: स्क्रीन उघडेल." "सेव्ह दाबा. अपेक्षित: संदेश दिसेल." सगळ्या ओळींसमोर हिरव्या रंगात पास. ती शीट मी बाजूला ठेवली आणि आमच्या नऊ जणांना प्रत्येकी एक वही दिली. म्हटलं, ज्या व्यवहाराला तुम्ही अडता, ज्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते, जो वर्षातून एकदाच येतो, तो लिहा. जामीनदार वारला, आता कर्जाचं काय. ठेव रविवारी पिकते. सभासदाने हप्ता महिन्याच्या मधेच भरला आणि वर दहा हजार मुद्दलात टाकले. वारस दोन, पावती एक. आठवड्यात १६४ केसेस जमल्या, आणि त्यांतल्या कितीतरी कंपनीला दिलेल्या मूळ मागणीपत्रात कुठेच नव्हत्या.

एक नियम मी कडक ठेवला. कॉम्प्युटर उघडायच्या आधी अपेक्षित उत्तर कॅल्क्युलेटरवर काढून आमच्या या केसेसच्या शीटमध्ये लिहायचं. आधी स्क्रीनवरचा आकडा दिसला की मन त्यालाच बरोबर मानायला लागतं.

या नियमानेच पहिली मोठी गोष्ट सापडली. एक लाखाची ९१ दिवसांची ठेव, ९ टक्के दर. माझ्या हिशेबाने व्याज २,२४३ रुपये ८४ पैसे. स्क्रीनवर आलं २,२३७ रुपये ७० पैसे. सहा रुपये चौदा पैशांचा फरक. इंजिनीअर म्हणाला, राउंडिंग असेल. राउंडिंगने सहा रुपये जात नाहीत. तासभर कागद घेऊन बसल्यावर उलगडलं: २०२४ लीप वर्ष, म्हणून नवं सॉफ्टवेअर ३६६ने भागत होतं. आम्ही वर्षानुवर्षं ३६५नेच भागतो, लीप वर्ष असो नसो, आणि पावतीच्या मागच्या नियमांत तसं छापलेलं आहे. "पण मॅडम, हा बग नाही," तो म्हणाला, "रिक्वायरमेंटमध्ये कुठे लिहिलंय ३६५?" खरंच लिहिलेलं नव्हतं. आम्हाला ते इतकं ठाऊक होतं की सांगावंसं वाटलंच नाही. हजारो पावत्यांवर हा फरक पसरला असता आणि तो आमच्या आधी सभासदाने पकडला असता.

दुसरी गोष्ट रोखीची. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २६९टीनुसार ठेव परत करताना रक्कम २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर ती रोख देता येत नव्हती. अकाउंट पेयी चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून ट्रान्सफरच हवा. मोडलं तर रकमेइतकाच दंड. आम्ही तीन केसेस लिहिल्या: १९,९९९, २०,००० आणि २०,००१. पहिली रोख गेली, ती जायलाच हवी. तिसरी अडली, तीही बरोबर. पण मधली, बरोबर वीस हजारांची, रोख निघाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'वीस हजारांपेक्षा जास्त' असं धरलं होतं. कायदा म्हणतो 'वीस हजार किंवा अधिक'. मग आमच्या वसुली विभागातल्या ताईने चौथी केस सुचवली. एकाच माणसाच्या बारा-बारा हजारांच्या दोन पावत्या आहेत, त्यातली एकच पिकली. कायद्यात त्याच्या सगळ्या ठेवी व्याजासह एकत्र धरतात, त्यामुळे तीही रोख देता येत नाही. सॉफ्टवेअर एकेक खातं सुटं बघत होतं, त्याने सरळ रोख दिली. ती केस त्या ताईच्या नावावर शीटमध्ये आहे. असं कुठल्याही तयार शीटमध्ये सापडलं नसतं.

पॅनचंही तसंच. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, म्हणून कंपनीने ते सभासदाच्या आडनावाशी जुळवून बघायची सोय केली होती. हेतू चांगला होता. पण लग्नाआधी काढलेल्या पॅनवर माहेरच्या आडनावाचं अक्षर असतं, आणि नंतर नाव बदललं तरी नंबर बदलत नाही. आमच्या निम्म्या महिला सभासदांची नोंद सॉफ्टवेअरने नाकारली असती. बायकांनी चाचणी केली म्हणून हे पहिल्याच दिवशी दिसलं.

एक घटना मनाला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन यायला लागले: "माझ्या खात्यातून पैसे काढल्याचा मेसेज आलाय." कंपनीने टेस्ट सर्व्हरवर, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या कॉम्प्युटरवर, आमचा खरा डेटा जसाच्या तसा चढवला होता, मोबाइल नंबरांसकट, आणि आमच्या लुटुपुटुच्या व्यवहारांचे एसएमएस खऱ्या माणसांना गेले. भाजीचा गाळा सोडून एक मावशी धावत आल्या. त्यांचं पासबुक जुन्या सॉफ्टवेअरवर भरून दाखवलं तेव्हा कुठे त्या बसल्या, पाणी प्यायल्या. त्या दिवशी मी काम थांबवलं. सगळे नंबर काढून तिथे आम्हा नऊ जणांचे नंबर घालून घेतले, आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकून घेतले, आणि मगच पुढे गेलो. हे सुरू करण्याआधीच करायला हवं होतं, आणि ते माझ्या यादीत असायला हवं होतं.

आता एजंट काकांचं सांगते, कारण या सगळ्यात मला तो दिवस सर्वांत मोलाचा वाटतो. काका पंचवीस वर्षं मसाला गल्लीत आणि आजूबाजूला दैनिक बचत गोळा करतात. कुणाचे पन्नास, कुणाचे शंभर. त्यांना नवीन अ‍ॅप असलेला मोबाइल आणि कमरेला लावायचा छोटा प्रिंटर मिळाला होता. ऑफिसात बसून सगळं सुरळीत चाललं होतं. मी म्हटलं, काका, उद्या तुमच्याबरोबर येते.

सकाळी साडेदहा. गल्लीत मिरची कुटण्याचा वास, डोळ्यांत पाणी. काका चष्मा कपाळावर ढकलतात, दुकानदाराकडे न बघताच नोट घेतात, अंगठ्याने आकडा दाबतात. तिसरं दुकान आत खोल होतं, रेंज नाही. त्यांनी शंभर रुपये टाकून 'जमा' दाबलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं, पावती आली नाही. समोर मालक थांबलेला, पाठीमागे हमाल पोतं घेऊन उभा. काकांनी पुन्हा दाबलं. आता पावती आली. बाहेर उजेडात आलो, रेंज आली, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं तर त्या खात्यावर दोनदा शंभर. काकांच्या पिशवीत नोट एकच. "ताई," ते हळूच म्हणाले, "संध्याकाळी हे शंभर मलाच भरावे लागतील ना?" एकशेवीस दुकानांपैकी वीस-पंचवीस अशी आत खोल असतात. मी तिथेच पायरीवर बसून त्याचा फोटो आणि वेळ शीटमध्ये टाकली. गंभीरता: सर्वोच्च.

रोखीत कमी पडलं तर ते ज्याच्या हातात पेटी त्याच्यावर येतं, हे आमच्या कॅशियर ताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्यासाठी मी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं उदाहरण छापून भिंतीवर लावलं होतं. तिथल्या 'होरायझन' नावाच्या सॉफ्टवेअरने खोटी तूट दाखवली, आणि १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक लोकांना, बहुतेक पोस्ट चालवणारी साधी माणसं, चोरी आणि अफरातफरीचे गुन्हेगार ठरवलं गेलं. शेवटी २०२४मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि त्यानंतर रोज सहा वाजता घरी जायच्या आधी त्या पाच केसेस जास्तीच्या करायला लागल्या.

पहिल्या फेरीत १६४पैकी ४१ नापास. दर शुक्रवारी बैठक. तिथे भांडण एकाच शब्दावर: हा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, की चेंज रिक्वेस्ट, म्हणजे आमची नवी मागणी? बग फुकट दुरुस्त होतो, चेंजचे पैसे लागतात. आम्ही एक कसोटी ठरवली. कायदा मोडत असेल किंवा पैशाचा आकडा चुकत असेल तर तो बग, मग मागणीपत्रात असो वा नसो. अहवालाचा रंग, रकान्यांचा क्रम वगैरे चेंज. ३६५चा प्रश्न या कसोटीने सुटला. सही कधी करायची हेही आधीच लिहून ठेवलं होतं: गंभीरतेच्या सर्वोच्च आणि दुसऱ्या पातळीचा एकही दोष उघडा, म्हणजे दुरुस्तीवाचून राहिलेला, नको, तिसऱ्या पातळीचे असले तर त्यांच्या दुरुस्तीची तारीख हवी. हे आधी लिहिलं नसतं तर शेवटच्या आठवड्याच्या घाईत माझं कुणी ऐकलं नसतं.

आणि एक. दुरुस्त झालेली केस पुन्हा तपासून थांबायचं नाही. ३६५ची दुरुस्ती आली तेव्हा मुदत ठेव बरोबर झाली, पण आवर्त ठेवीचं व्याज बिघडलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या व्हर्जनला व्याजाच्या सगळ्या, म्हणजे ३२ केसेस परत. कंटाळवाणं काम, पण ते सोडलं असतं तर हे कळलंच नसतं.

१६ नोव्हेंबरपासून दोन्ही सॉफ्टवेअर सोबत. प्रत्येक व्यवहार दोनदा. मतदानाची सुट्टी सोडली तर रोज रात्री साडेआठ-नऊ वाजत होते, आणि आमच्या शिपाई दादांनी सगळ्यांसाठी वडापाव आणायचा नेम कधी मोडला नाही. दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा, शाखेप्रमाणे, खात्याप्रमाणे जुळवायची. पहिले चार दिवस जुळली नाही, पाचव्या दिवसापासून जुळायला लागली. ३० नोव्हेंबरच्या रात्री शेवटची तेरीज पैशापर्यंत जुळली आणि मी सही केली. सहीखाली हाताने लिहिलं: केस ५७ उघडी आहे, दुरुस्ती ३१ जानेवारीपर्यंत.

केस ५७ पासबुकाच्या छपाईची. 'कऱ्हाडे', 'गोऱ्हे' अशी नावं पासबुकावर फुटून येत होती, मधे एक आडवी रेघ आणि ह वेगळा. जुना डेटा जुन्या फॉन्टमधला, त्यातून युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना ऱ हरवला होता. पैशाचा आकडा चुकत नव्हता म्हणून ती तिसऱ्या पातळीवर गेली. मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. माणसाचं नाव आहे ते.

२ डिसेंबरला, सोमवारी, संध्याकाळी एजंट काका आले. पिशवी उलटी केली, नोटा मोजल्या, मोबाइल माझ्यासमोर धरला. पावत्या ११८, मशीनवर ११८, रक्कम तीच. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवशीच्या सुट्या पैशांची चिठ्ठी कॅशियर ताईंकडे दिली.

केस ५७ जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात बंद झाली. पहिलं पासबुक मी एका कऱ्हाडे आजींचं छापलं. त्यांनी शिल्लक बघायच्या आधी वरचं नाव वाचलं, बोट फिरवलं आणि पासबुक पिशवीत ठेवलं.